बेडकीचा पाला अन् परळचे दोघे



गेले तीन आठवडे तूर, बोंडअळी अन् डवरणी सोडून दुसरं काही लिहिलं नाही. आज थोडं मागं जातो, चांगलं शंभर वर्षं मागं. पण सुरुवात आपल्या आर्णीच्या बाजारातूनच होते.

दोन वर्षांखालची गोष्ट. आमचे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. वय सत्तरीच्या आसपास, शुगरची बिमारी बारा वर्षांची. सकाळ-संध्याकाळ मेटफॉर्मिनची गोळी चालू होती, साखर बऱ्यापैकी काबूत होती. एक दिवस आठवडी बाजारातून हिरवट भुकटीची पुडी घेऊन आले. विकणाऱ्यानं सांगितलं होतं की हा बेडकीचा पाला, रोज दोन चमचे घ्या, साखर मुळासकट जाते. मी म्हटलं, मोठेबाबा, गोळ्या तेवढ्या बंद करू नका. तर म्हणतात, "पाला हाये बापू, पाल्यानं काय होते? गोया खाऊन खाऊन किडनी जाते म्हन्तेत." झालं, गोळ्या बंद.

चार महिन्यांनी डवऱ्याची फास पायाच्या अंगठ्याला लागली. साधी जखम. हळद भरली, फडकं बांधलं. पंधरा दिवस झाले तरी भरेना, मग काळी पडायला लागली. तपासली तर साखर चारशेच्या वर. यवतमाळला नेलं, अंगठा काढावा लागला. आता बरे आहेत, काठी घेऊन धुऱ्यावर येतात, ढोरं राखतात.

त्या पुडीतली उरलेली भुकटी मी फेकली नव्हती. बेडकीच्या पाल्याची एक खूण आहे. तो नीट चावला की जिभेचा गोडवा मरतो. साखर तोंडात वाळूसारखी लागते, गूळ मातीसारखा. अर्धा-पाऊण तास असंच राहतं, मग चव परत येते. खारट, आंबट तशीच कळते, फक्त गोड जातं. म्हणूनच हिंदीत त्याला गुडमार म्हणतात, अन् संस्कृतात मधुनाशिनी. मी ती भुकटी जिभेवर चांगली चोळली, थोडं थांबून चूळ भरली अन् साखर टाकली.

साखर गोड लागली.

म्हणजे पुडीत काय होतं देव जाणे. बेडकी नव्हती, किंवा असलीच तर तिच्यातला जीव गेलेला होता. विकणारा लबाड होता असंही मी म्हणत नाही, त्यालाच कोणी फसवलं असेल. आपल्याकडं नावाचा घोळ मोठा आहे. जुन्या ग्रंथांतल्या मेषशृंगीला बरेच वैद्य बेडकी मानतात, कारण तिच्या शेंगा मेंढ्याच्या शिंगासारख्या. पण आपल्या जंगलात मेडशिंगी म्हटलं की माणूस सरळ एका झाडाकडं बोट दाखवतो. लांब, वाकड्या शिंगासारख्या शेंगा अन् पांढरी फुलं असणारं ते झाड. शिंगं दोघांनाही, पण एक वेल अन् दुसरं चांगलं उभं झाड. कुळही वेगळं. बेडकी रुईच्या कुळातली, मेडशिंगी टेटूच्या. मजुराला सांगितलं मेडशिंगीचा पाला आण, तर तो बिचारा झाडाचाच आणणार ना!

तेव्हापासून मनात एकच किडा होता. खरा पाला असता तर? त्यानं साखर उतरली असती का? कोणी कधी नीट तपासून पाहिलंय का? वाचायला लागलो तर कळलं की तपासलंय, अन् तेही आपल्या मुंबईतच.

गोष्ट सुरू होते १८४७ च्या सुमारास. एजवर्थ नावाचा एक साहेब होता, कंपनी सरकारचा अधिकारी अन् झाडांचा नादी. बेडकीची पानं चावल्यावर गोड चव जाते, हे त्यानं विलायतेतल्या अभ्यासकांना कळवलं. पुढं १८८७ मध्ये उटीला सिंकोनाच्या मळ्यांवर सरकारी रसायनतज्ज्ञ असलेल्या डेव्हिड हूपरनं पानांची चिरफाड केली अन् गोडवा मारणारा पदार्थ वेगळा काढला. त्याला नाव मिळालं जिम्नेमिक आम्ल, कारण बेडकीचं शास्त्रीय नाव जिम्नेमा सिल्व्हेस्ट्रे.

इथंच एक गफलत होते, अन् ती आजही चालू आहे. पाला तोंडातलं गोड मारतो, म्हणून रक्तातलं गोडही मारत असेल, असं मन आपोआप धरतं. पण या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. जिभेवर गोड ओळखणारे जे ग्राहक असतात त्यांना ते आम्ल जाऊन चिकटतं, म्हणून चव जाते. साखर तर होती तितकीच पोटात जाते. रक्तातल्या साखरेवर पाला काही करतो का, हा प्रश्न स्वतंत्र आहे अन् तो स्वतंत्रच तपासावा लागतो.

तो तपासायची गरज १९२० नंतर फार वाढली. १९२२ मध्ये कॅनडात पहिल्या रुग्णाला इन्सुलिन टोचलं गेलं अन् मधुमेहाचं जगच बदललं. पण ते इंजेक्शन, ते परदेशातून यायचं, थंड ठेवायचं, रोज टोचायचं. आपल्याकडं कोणाला परवडणार? म्हणून घरच्या पाल्याकडं डॉक्टरांचं लक्ष गेलं. १९२६ मध्ये घारपुरे नावाच्या आपल्याच मराठी डॉक्टरचं मधुमेहातल्या बेडकीवरचं टिपण 'इंडियन मेडिकल गॅझेट'मध्ये छापून आलं. मग प्रश्न दोन मोठ्या जागी गेला, एक कलकत्ता, एक मुंबई.

कलकत्त्याला होते कर्नल रामनाथ चोप्रा, स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये. देशी औषधांची आधुनिक तपासणी ज्यांनी या देशात उभी केली ते हेच. मुंबईला परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये जोडी होती डॉ. कृ. श्री. म्हसकर अन् फादर कायस यांची. म्हसकर मराठी डॉक्टर. कायस हे ख्रिस्ती धर्मगुरू, पण काम औषधशास्त्राचं. हाफकिन म्हणजे १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात सुरू झालेली प्लेगची प्रयोगशाळा, १९२५ मध्ये तिला हाफकिनसाहेबाचं नाव दिलं. ही जोडी आधी मद्रास इलाख्यात आकडीकृमीच्या औषधांवर घासून आलेली होती. कोणतं औषध दिल्यावर पोटातून किती कृमी पडतात, हे मोजत बसणारी माणसं. तोंडच्या गप्पांवर विश्वास ठेवणारी नव्हेत.

चोप्रांचं काम १९२८ मध्ये छापलं. त्यांच्या तपासणीत पाल्यानं रक्तातली साखर उतरल्याचं काही दिसलं नाही. म्हसकर-कायस यांनी १९३० मध्ये बेडकीवर अख्खं पुस्तकच काढलं, इंडियन रिसर्च फंड असोसिएशनच्या मालिकेत. हीच संस्था पुढं आयसीएमआर झाली. त्यांना प्राण्यांमध्ये साखर उतरलेली दिसली. पाला साखरेवर थेट काम करत नाही, तर स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला चेतवतो, असा त्यांनी अंदाज बांधला. आज इतक्या वर्षांनीही प्रयोगशाळेत बेडकीवर जे काम चालतं ते बरंचसं याच अंदाजाच्या मागं आहे.

म्हणजे एकच पाला, दोन-तीन वर्षांचं अंतर, अन् निकाल उलटे. आता कोणाचं खरं?

आपण शेतकरी आहोत, आपल्याला यात नवल वाटायला नको. एकाच वाणाचं बियाणं आर्णीत अन् दिग्रसला सारखं उतरते का? काळ्या भारी जमिनीत वेगळं, बरडावर वेगळं. पाल्याचंही तेच. जिम्नेमिक आम्ल पाल्यात किती भरेल हे वेल कुठली, पानं कोवळी का जून, कोणत्या महिन्यात खुडली, सावलीत वाळवली का उन्हात, किती दिवस पोत्यात पडून होती, यावर कमी-जास्त होतं. त्याच्यावर परत पाण्यात काढा केला, का अल्कोहोलमध्ये अर्क काढला, का नुसती भुकटी दिली हा फरक. कलकत्त्याच्या पाल्यात अन् मुंबईच्या पाल्यात किती अंतर होतं, हे आज कोण सांगणार?

ही गोष्ट आधी ओळखली होती विल्यम विदरिंग नावाच्या एका इंग्रज डॉक्टरनं. १७७५ मध्ये अंगावर सूज येणाऱ्या रुग्णांसाठी एका म्हातारीचा घरगुती झाडपाल्याचा नुस्खा त्याच्याकडं आला. त्यात बऱ्याच वनस्पती होत्या, त्यातली कामाची एकच, फॉक्सग्लोव्ह, हे त्यानं हेरलं. मग दहा वर्षं रुग्णांना देऊन पाहिली. पानांचा जोर ऋतूप्रमाणं बदलतो हे लक्षात आल्यावर वेल-झाड फुलोऱ्यावर असतानाच पानं खुडायची, वाळवून भुकटी करायची, अन् मापानंच द्यायची, असं त्यानं ठरवून टाकलं. १७८५ मध्ये पुस्तक काढलं तेव्हा बरे झालेले रुग्ण तर लिहिलेच, पण ज्यांना गुण आला नाही तेही लिहिले. मला हा माणूस फार आवडला. आपल्या कृषी मेळाव्यात यशोगाथेचे फलक लागतात. ज्याचं बियाणं उगवलंच नाही त्याचा फलक कधी पाहिला का कोणी? त्याच्याच जातकुळीतल्या पाल्यातून निघालेलं डिगॉक्सिन आजही हृदयरोगात देतात, अन् जादा झालं तर जीवही घेतं. "पाल्यानं काय होते" याचं उत्तर तिथं आहे.

पण नुसता पाला सारखा केला म्हणजे भागत नाही. समजा आपण कपाशीवर कसलं तरी टॉनिक मारलं, दुसऱ्याच दिवशी चांगला पाऊस झाला अन् पऱ्हाटी हिरवीगार झाली. टॉनिकनं झाली का पावसानं? सांगता येईल फक्त त्याला, ज्यानं दोन तासं बिनफवारणीची ठेवली. मधुमेहात हा पाऊस म्हणजे पथ्य. माणूस औषध सुरू करतो तेव्हा जेवण सांभाळतो, चार पावलं चालतो, गोड टाळतो. साखर उतरते अन् नाव पाल्याचं होतं. म्हणून तशीच बिमारी असलेली, तसंच जेवणारी, पण पाला न घेणारी माणसं बाजूला धरावी लागतात. कोणाला पाला द्यायचा अन् कोणाला नाही, हेही डॉक्टरच्या मर्जीवर नाही तर चिठ्ठ्या टाकून ठरवावं लागतं.

अन् गंमत बघा, ही चिठ्ठ्या टाकायची रीत दवाखान्यातली नाही, शेतातली आहे. इंग्लंडच्या रोथॅमस्टेड कृषी संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर नावाचा गणिती १९१९ पासून काम करत होता. गव्हाच्या, बटाट्याच्या वाफ्यांत कोणत्या वाफ्याला कोणतं खत हे नशिबावर सोडायचं, म्हणजे जमिनीचा कस कोणाच्या बाजूनं झुकत नाही, हे त्यानं मांडलं. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात आज वाणाची चाचणी लागते ती त्याच रीतीनं. म्हसकर-कायस परळला बेडकी तपासत होते त्याच वर्षांत हे शेतात चालू होतं. पण माणसांच्या औषधाला ती रीत लागू झालेली गाजली १९४८ मध्ये, ब्रिटनमधल्या क्षयाच्या स्ट्रेप्टोमायसिन चाचणीत. बेडकीला ते वीस वर्षं उशिरा झालं.

नंतरही बेडकीच्या नशिबी चिठ्ठ्यांची मोठी चाचणी काही आली नाही. १९९० मध्ये मद्रासच्या संशोधकांनी पाल्याचा ठरावीक अर्क काढून दिवसाला ४०० मिलिग्रॅम, असे १८ ते २० महिने, प्रौढपणी मधुमेह झालेल्या २२ रुग्णांना दिला. साखर उतरली, त्यातल्या पाच जणांच्या तर गोळ्या बंद करता आल्या. बेडकीची भुकटी विकणारे जाहिरातीत हेच पाच जण दाखवतात. पण दोन गोष्टी ते सांगत नाहीत. एक, अर्क गोळ्या बंद करून नाही, गोळ्यांच्या जोडीला दिला होता अन् तपासण्या सारख्या चालू होत्या. दुसरं, २२ माणसं म्हणजे चार गुंठ्यांतलं पीक, अन् कोणाला अर्क द्यायचा हे चिठ्ठीवर ठरलेलं नव्हतं. आशा वाटावी इतकं आहे. अंगठा पणाला लावावा इतकं नाही.

म्हसकर-कायस यांचं आणखी एक काम आपल्या भागासाठी बेडकीपेक्षाही मोलाचं आहे, पण त्याचं नाव कोणी काढत नाही. १९३१ मध्ये त्यांनी सापाच्या विषावरच्या देशी वनस्पतींचा अहवाल काढला. गावोगावी सांगितल्या जाणाऱ्या तीनशेच्या वर वनस्पती अन् त्यांची मिश्रणं त्यांनी विष दिलेल्या प्राण्यांवर तपासली. एकही कामाची निघाली नाही. ना आधी देऊन, ना नंतर देऊन. लक्षात घ्या, हे झाडपाल्याचे वैरी नव्हते. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर अन् बसू यांचा भारतीय औषधी वनस्पतींचा जो मोठा ग्रंथ आहे, त्याची दुसरी आवृत्ती १९३३ नंतर निघाली ती फादर ब्लॅटर यांच्यासोबत याच दोघांनी सुधारून. ज्यांनी आयुष्य झाडपाल्यात घातलं त्यांनीच लिहून ठेवलं की सापाला पाला चालत नाही. तरी आजही सोयाबीन सोंगताना कोणाला साप चावला की आधी कोणीतरी मुळी उगाळायला बसतो. आपला नव्वद वर्षांखाली लागलेला निकाल अजून तांड्यावर पोचला नाही.

अन् आता मोठेबाबांच्या गोळीबद्दल. मला ही गोष्ट कळली तेव्हा मी धुऱ्यावर बसून एकटाच हसलो होतो. युरोपात गॅलेगा नावाची एक शेंगवर्गी वनस्पती आहे. १८९१ मध्ये अमेरिकेतल्या युटामध्ये ती चारा म्हणून आणली. जनावरांना बाधली, अन् वरून तण होऊन बसली, आपल्या गाजरगवतासारखी. तिच्यात गॅलेगिन नावाचं द्रव्य असतं, त्यानं रक्तातली साखर उतरते. १९२० च्या दशकात, म्हणजे इकडं बेडकीची तपासणी चालू होती तेव्हाच, तिकडं मधुमेहाच्या रुग्णांना गॅलेगिन देऊन पाहिलं. गुण यायचा पण विषारी, म्हणून सोडून दिलं. पण त्याच्या जवळच्या नात्यातलं एक द्रव्य डब्लिनच्या रसायनतज्ज्ञांनी १९२२ मध्येच बनवून ठेवलं होतं. पस्तीस वर्षं त्याकडं फारसं कोणी पाहिलं नाही. १९५७ मध्ये फ्रान्सच्या ज्याँ स्टर्न या डॉक्टरनं ते माणसांना देऊन निकाल छापले. मग वर्षानुवर्षं चाललेल्या चाचण्या झाल्या, हजारो माणसांवर, चिठ्ठ्या टाकून.

ते द्रव्य म्हणजे मेटफॉर्मिन. मोठेबाबांनी पाल्यासाठी जी गोळी सोडली, ती गोळीच एका पाल्याची नात निघाली. फरक इतकाच की ती नात सगळ्या परीक्षा देऊन आली अन् बेडकी अजून वर्गाबाहेर बसली आहे. राहिलं किडनीचं, तर तिला खाते ती वाढलेली साखर. किडनी आधीच कमजोर असेल तर डॉक्टर मेटफॉर्मिनचं प्रमाण कमी करतात किंवा थांबवतात, त्यावरून लोकांनी उलटा अर्थ काढला.

बेडकी लावावी का, असं मला दोन-तीन जणांनी विचारलं आहे. मी एका ओळखीच्याकडून दोन कलमं आणून विहिरीजवळच्या कुंपणावर चढवली आहेत. वेल काटक आहे, पानं समोरासमोर, बारीक लव असलेली, फुलं पिवळी अन् इवली. विकायची म्हणाल तर आधी घेणारा पक्का करा, अन् तो आम्लाचं प्रमाण तपासून भाव देतो का नुसत्या वजनावर घेतो ते विचारा. वजनावर घेणाऱ्याला मेडशिंगीचा पालाही चालतो. खुडल्याची तारीख, वेलीचं वय अन् वाळवायची पद्धत वहीत लिहून ठेवा, उद्या कोणी खरी चाचणी लावायला आलाच तर त्याला सगळ्यात आधी हेच लागेल. अकोल्याच्या विद्यापीठाच्या नागार्जुन उद्यानात गेलात तर औषधी वनस्पती नावानिशी पाहता येतात, एक चक्कर मारून या.

अन् घरात कोणी शुगरच्या गोळ्यांसोबत असा पाला घेतच असेल, तर डॉक्टरला लपवू नका. पाला खरा निघाला तर दोन्ही मिळून साखर एकदम खाली जाऊ शकते, घाम फुटून माणूस पडतो. यकृताला सूज आल्याचीही नोंद झालेली आहे. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी रक्ततपासणी करून घ्या, एका सकाळच्या आकड्यावर जाऊ नका.

मागच्या महिन्यात मोठेबाबा कुंपणापाशी आले. मी एक पान खुडून त्यांना चावायला दिलं, मग गुळाचा खडा दिला. खडा तोंडात घोळवत माझ्याकडं पाहत राहिले. म्हणाले, "अन् मंग त्या पुडीत काय होतं बे?"

मी म्हटलं, ते मलेही नाही माहीत. मग त्यांनी खिशातून गोळीची पट्टी काढली, वर पाहून सूर्य किती कलला ते बघितलं अन् पाणी मागितलं.